रजेवरचा कारकून

कचेरीत कोण काय काम करतो हे कामवाटपाच्या तक्त्यावरून कधीच कळत नाही. तक्ता भिंतीवर टांगलेला असतो, त्याखाली साहेबांची सही असते, आणि त्यात ज्याच्या नावापुढे जे काम लिहिलेले असते त्यातले निम्मे भलताच कोणी तरी निमूटपणे उरकीत असतो. खरे काम कळते ते माणूस रजेवर गेला म्हणजे. टपालाच्या टेबलाशी बसणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा एखादा कारकून लेकीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी जातो. तिसऱ्या दिवशी असे ध्यानात येते की पगाराची बिले कोषागारातून परत आली आहेत, आणि ती का आली हे सांगू शकणारा इसम तोच होता. चौतीस वर्षे सरकारी हिशेब तपासण्यात घालवून आम्ही माणसांची पारख शिकलो ती बहुतांशी अशी, त्यांच्या गैरहजेरीत. हीच रीत सजीवांच्या पेशीला लावून शास्त्रज्ञांनी तिच्या आतला बराचसा कारभार उलगडला आहे, हे मात्र आम्हांला निवृत्तीनंतर कळले. तेही आमच्या पुतणीकडून.

आम्ही रायपूरच्या बूढापाऱ्यात राहतो. मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर होती त्या काळी आमचे वडील नागपूरहून बदलून इकडे आले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्यप्रदेशात राहिले, आणि वडीलही रायपूरसंगे राहिले. २००० साली छत्तीसगड झाले तेव्हा आम्ही स्वतः नोकरीत होतो. म्हणजे घर एकाच गल्लीत आणि राज्ये तीन. संध्याकाळी बूढा तलावाला एक फेरी मारावी, सप्रे शाळेच्या मैदानावरून परतावे, आणि आपण मराठी आहो याची आठवण राहावी म्हणून घरी आलेली मासिके उलटावीत, असा आमचा सध्याचा दिनक्रम.

या दिनक्रमात गेल्या आश्विनात धाकट्या बंधूंचे अमरावतीहून पत्र आले. पत्र चार पानी होते. मजकूर एका ओळीचा. त्यांची कन्या दक्षिणेकडील एका प्रयोगशाळेत संशोधन करते, तिला चौथे वर्ष लागले आहे, विद्यावृत्ती कधी चार-चार महिने थकते, आणि विषय विचारावा तर म्हणते ‘यीस्टची जनुके’. बरोबरीच्या मुली राज्यसेवेची परीक्षा देऊन तहसीलदार झाल्या. ‘दादा, तुम्ही सरकारी नोकरीत आयुष्य काढले, तुमचे ती ऐकेल. पाव फुगविणाऱ्या बुरशीत तिचे वय चालले आहे, हे तिला एकदा समजावून सांगा.’ बंधूंचे दुखणे खोटे नव्हते. मध्यमवर्गीय बापाला मुलीची चार वर्षे म्हणजे चार वर्षेच दिसतात. त्यांत काय पिकले हे दाखविणारा उतारा त्याच्या हाती कोणी देत नाही.

तथापि फाइल वाचल्यावाचून शेरा मारू नये, हा एवढा एक नियम आम्ही नोकरीत कसोशीने पाळला आहे. पुतणी दिवाळीला चार दिवस आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसलो आणि म्हटले, ‘तू काय करतेस ते आधी मला कळेल असे सांग. उपदेश मागाहून.’

‘काका, आधी तेल आणि पाणी,’ ती म्हणाली. सौभाग्यवती शेजारीच चकल्या तळीत होत्या, त्यामुळे पहिल्या धड्याला साहित्य तयार होते. तेल पाण्यात मिसळत नाही. परंतु निसर्गात अशी एक जात आहे की जिचे डोके पाण्याशी सख्य करते आणि दोन लांब शेपट्या तेलाच्या गोत्रातल्या असतात. यांना फॉस्फोलिपिडे म्हणतात. डोक्यात फॉस्फरस असतो आणि शेपट्या मेदाम्लांच्या असतात. ही मंडळी पाण्यात सोडली की कोणी हुकूम न देता रांगा धरतात: शेपट्यांना शेपट्या, डोकी बाहेर. दोन रांगांचा पापुद्रा तयार होतो. प्रत्येक सजीव पेशीभोवती हाच पापुद्रा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांइतकी त्याची जाडी, आणि तेवढ्यावर आत-बाहेर हा भेद टिकून आहे. तो फाटला की पेशी संपली.

पापुद्रा दुहेरी आहे हे १९२५ साली हॉलंडातील गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी दाखविले. रक्तातील तांबड्या पेशींची चरबी काढून त्यांनी ती पाण्यावर पसरली, आणि ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. पुढे असे आढळले की त्यांनी चरबी पुरती काढलीच नव्हती, आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले होते. दोन चुका परस्परांत वळत्या झाल्या आणि ताळेबंद बरोबर जुळला. हिशेब-तपासनीस म्हणून असे ताळेबंद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण त्यांतून सत्य निघाल्याचे उदाहरण आम्हांला हे एकच ठाऊक आहे.

या जातीतील सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे लेसिथिन. नाव ग्रीक भाषेतील अंड्याच्या बलकावरून पडले, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोब्ले या फ्रेंच रसायनज्ञाने ते बलकातून काढले. सांप्रत ते सोयाबीनमधून निघते, आणि चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ३२२ हा आकडा दिसतो तो त्याचाच. शास्त्रीय नाव फॉस्फॅटिडिलकोलीन. वाचकांनी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. एकदा जीभ वळली म्हणजे भीती जाते.

आता प्रश्न असा की पेशी हा माल बनविते कशी? एका झटक्यात नव्हे. कच्चा माल एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, आणि प्रत्येक टेबलावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेले असते. ते आपला एक ठराविक फेरफार करून कागद पुढे सरकवते. आधी डोक्याला सेरीन जोडले जाते. मग त्यातून कर्बाम्ल वायू निघून जातो व इथॅनॉलअमाइन उरते. मग त्यावर मिथिलाचे तीन शिक्के एकापाठोपाठ एक बसतात, आणि लेसिथिन तयार. याखेरीज एक दुसरी वाट आहे. बाहेरून आयते कोलीन मिळाले तर पेशी ते उचलते, त्याला तयारीचे दोन संस्कार करते आणि थेट अखेरच्या टप्प्यावर आणून जोडते. ही वाट अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन केनेडी यांनी शोधली, म्हणून तिला त्यांचे नाव आहे.

केनेडींची हकीकत आम्हांला विशेष आवडली. पेशीचे सर्वसाधारण इंधन एटीपी हे होय. १९५५च्या सुमारास त्यांच्या प्रयोगात एटीपीची एक अशुद्ध बाटली वापरली की लेसिथिन बनत असे. शुद्ध स्फटिकरूप एटीपी घातले की बनत नसे. शुद्ध मालाने काम अडावे आणि भेसळीच्या मालाने व्हावे! दुसरा कोणी असता तर त्याने जुनी बाटली फेकून दिली असती. केनेडी आणि त्यांचे सहकारी वाइस यांनी त्या भेसळीचाच पाठपुरावा केला, आणि त्यात सीटीपी नावाचे दुसरेच द्रव्य किंचित प्रमाणात निघाले. लेसिथिनच्या कामाला तेच लागते, हे त्यामुळे कळले. साहेबाच्या नावावर चाललेले काम वस्तुतः त्याच्या शिपायाच्या ओळखीवर चालते, त्यातला हा प्रकार.

परंतु टप्पे कळले म्हणून टेबलावर बसणारा कोण हे कळत नाही. इतर विकरे पेशीच्या रसात मोकळी फिरतात, त्यांना गाळून वेगळे करता येते. ही विकरे बहुधा त्या तेलकट पापुद्र्यातच रुतून बसलेली. बाहेर काढावयाची तर साबणासारखे द्रव्य लावावे लागते, आणि काढली की पुष्कळदा काम सोडतात. शिवाय संख्येने थोडी. तेव्हा माणूस हाती लागत नाही तर त्याचा नेमणुकीचा हुकूम शोधावा, असे ठरले. हुकूम म्हणजे जनुक: डीएनएच्या धाग्यावर, कोणते विकर कसे घडवावे हे लिहिलेला मजकूर.

येथे यीस्ट उपयोगी पडते. छत्तीसगडात राहणाऱ्याला यीस्टची ओळख करून देणे नलगे. मोहाची फुले भिजत घालून मडक्यात ठेवली म्हणजे तीन-चार दिवसांत जो फरक पडतो तो यीस्टच पाडते. बस्तरात सल्फीच्या झाडाचा सकाळी गोड असलेला रस दुपारी अंगात येतो तोही तिच्याच कृपेने. शास्त्रज्ञांना तिचे आकर्षण वेगळ्या कारणांसाठी आहे. ती एका पेशीची आहे. खायला नीट मिळाले तर दीड तासात एकीच्या दोन होतात. आणि एवढीशी असूनही तिची अंतर्रचना आपल्या पेशीसारखीच आहे: केंद्रक आहे, आतले पापुद्रे आहेत, तीच फॉस्फोलिपिडे आहेत. मुख्य गोष्ट पुढे आहे. आपल्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या साधारणतः दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तर दुसरी वेळ मारून नेते. यीस्ट एकेरी संचावरही सुखाने जगते. म्हणजे प्रत्येक टेबलाला एकच माणूस, बदली कारकून नाही. तो रजेवर गेला की खोळंबा लगेच दिसतो.

मग शास्त्रज्ञ काय करतात? मुद्दाम रजा देतात. यीस्टवर जनुके बिघडविणाऱ्या द्रव्याचा मारा करावयाचा आणि लक्षावधी पेशींतून अशी पेशी निवडावयाची की जी कोलीन घातलेल्या खाद्यावर वाढते, पण कोलीन काढून घेतले की थांबते. तिचा अर्थ असा की आतला कारखाना कोठे तरी बंद आहे आणि ती बाहेरच्या पुरवठ्यावर केनेडीच्या वाटेने जगते आहे. सुसान हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली अशा एका यीस्टचे वर्णन केले. तिच्यात पहिलेच टेबल, सेरीन जोडणारे, रिकामे होते. एक आख्खा विभाग बंद, आणि तरी कचेरी चालू!

आता रिकाम्या खुर्चीचा हुकूम शोधावयाचा. चांगल्या यीस्टचा सारा डीएनए कापून त्याचे हजारो तुकडे करतात. प्रत्येक तुकडा प्लाझ्मिड नावाच्या एका लहानशा डीएनएच्या कडीत बसवितात. ही कडी अशी की जीवाणूतही नांदते आणि यीस्टमध्येही. मग या कड्यांचे मिश्रण त्या पंगू यीस्टमध्ये शिरवावयाचे. (यीस्टचे बाहेरचे कवच उतरवून तिला परका डीएनए स्वीकारावयास लावण्याची युक्ती हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी १९७८ साली सिद्ध केली होती, ती नसती तर पुढचे काहीच नव्हते.) आणि शेवटी ही सारी प्रजा कोलीन नसलेल्या थाळीवर पसरून वाट पाहावयाची. बहुतेक पेशी तशाच पडून राहतात. एखाद्या ठिकाणी मात्र मोहरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उठतो. ज्या पेशीला नेमका हरवलेला हुकूम मिळाला तिचे ते कुटुंब. तिच्यातील कडी काढली, जीवाणूत घालून वाढविली, की जनुक हाती आले. यालाच जनुकाचे क्लोनिंग म्हणतात. क्लोनिंग म्हटले की आमच्या फिरण्याच्या मंडळींना डॉली मेंढी आठवते. हे त्याहून पुष्कळ साधे, आणि आमच्या मते पुष्कळ सुंदर आहे.

१९८३ साली लेट्स, क्लिग, बे-ली, जॉर्ज कारमन आणि हेन्री या पाच जणांनी सेरीन जोडणाऱ्या विकराचे जनुक याच रीतीने मिळविल्याचे प्रसिद्ध केले. त्याला सीएचओ१ म्हणतात. त्याच सुमारास जपानात माएबाशी येथील गुन्मा विद्यापीठात निकावा आणि यामाशिता हेच जनुक शोधीत होते. त्यांनीही ते मिळविले आणि त्याचे नाव वेगळे ठेवले. १९८७ साली कोडाकी व यामाशिता यांनी मिथिलाचे शिक्के मारणारी जनुके काढली, तेव्हा तीन शिक्क्यांना माणसे दोनच निघाली: एक पहिला शिक्का मारतो, पुढचे दोन मारणे दुसऱ्याकडे. यांचीही अमेरिकेत नावे निराळी. एकाच गृहस्थाचे मतदारयादीत एक नाव आणि सेवापुस्तकात दुसरे, ही आपत्ती केवळ आमच्याच खात्यात नव्हती हे पाहून समाधान वाटले.

आम्ही येथे पुतणीला हटकले. ‘फाइल हलली म्हणजे ती त्याच कारकुनाने हलविली असे होत नाही. शेजारच्या टेबलावरचा दयाळू माणूसही हलवितो.’ ती एकदम पुढे सरकून बसली. ‘काका, हाच प्रश्न आमचे गाईड पहिल्या दिवशी विचारतात.’ आणि तिने सांगितले की ठिपका उठणे हा पुरावा नव्हे, ती नुसती वर्दी आहे. कधी दुसरेच जनुक जादा प्रतींत आले म्हणून वेळ निभावते. कधी मूळचा बिघाड आपोआप दुरुस्त होतो आणि कडीचा काही संबंधच नसतो. म्हणून पुढच्या चौकश्या. कडी काढून घेतली तर पेशी पुन्हा पंगू होते काय? कड्यांच्या अनेक प्रती दिल्या तर विकराचे काम त्या मानाने वाढते काय? जनुकाची मूळ जागा गुणसूत्रावर जेथे बिघाड आहे तेथेच येते काय? सीएचओ१च्या बाबतीत ज्यादा प्रती दिल्यावर विकराचे काम खरोखरच कित्येक पटींनी वाढले, आणि ज्या विकराला पापुद्र्यातून सोडविणे एवढे जिकिरीचे होते ते १९८४ साली कारमन यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात हाती आले. या चौकश्यांची यादी ऐकताना आमच्या मनात आले की बंधू म्हणतात त्या ‘बुरशीत’ मुलगी जी शिस्त शिकली आहे ती आमच्या खात्यात तीस वर्षांनीही थोड्यांना लाभते.

फिरण्याच्या मंडळींचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. त्यांतील एका गृहस्थांनी यीस्ट आणि जनुक हे शब्द ऐकताच छाती पुढे काढून सांगितले की जनुक बनविणारे हरगोविंद खुराना आपल्या रायपूरचेच. ते रायपूर निराळे. खुरानांचा जन्म मुलतानकडील रायपूर नावाच्या शंभरेक वस्तीच्या खेड्यात झाला. ते आता पाकिस्तानात आहे. परंतु आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट अशी की त्यांचे वडील त्या खेड्याचे पटवारी होते, आणि गावात लिहिता-वाचता येणारे घर जवळजवळ तेवढेच. त्या पटवाऱ्याच्या मुलाला १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९७० साली त्यांच्या गटाने यीस्टचेच एक जनुक, ७७ जोड्यांचे, रसायनांपासून अथपासून इतिपर्यंत जुळवून दाखविले. त्यांना मजकूर ठाऊक होता. अक्षरे जुळवावयाची होती. पुतणीच्या पंथाचे काम उलट: मजकूर आठशेहून अधिक अक्षरांचा, आणि तो हजारो पानांत कोठे आहे हेच ठाऊक नाही.

इनॉसिटॉल नावाचे आणखी एक डोके या फॉस्फोलिपिडांना लागते. ते स्वतः बनविता न येणारी यीस्ट बाहेरच्या इनॉसिटॉलवाचून ठेवली तर ती नुसती थांबत नाही, मरते. आतला कारभार वाढतच राहतो, नवी भरती चालू, नवा माल चालू, आणि भोवतालचा पापुद्रा वाढत नाही. याला शास्त्रज्ञांनी नावच ‘इनॉसिटॉलाभावी मरण’ असे दिले आहे. याच्या उलट, धडधाकट यीस्टला बाहेरून इनॉसिटॉल भरपूर दिले तर ती आपली फॉस्फोलिपिडांची पुष्कळशी जनुके मिटून घेते. मिटविण्याचा हुकूम बजावणारे प्रथिन एरवी केंद्रकाच्या बाहेर, एका पापुद्र्याला धरून, अडकवून ठेवलेले असते. पुरवठा आला की ते सुटते आणि आत जाते, असे २००४ साली दिसून आले. आयते येऊ लागले की घरचे करणे बंद, हा न्याय आम्हांला समजावून घ्यावा लागला नाही. नागपूर येथून तीनशे किलोमीटरच्या आत. कुरियरने तयार मेतकूट येऊ लागल्यापासून बूढापाऱ्यातील मराठी घरांत ते भाजणारे जाते-पाटे उचलून ठेवले गेले. आमच्या नातवंडांची मराठीही अशीच सुट्टीत आजोळहून येते. पुरवठा आहे तोवर काही उणे भासत नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर आम्ही बंधूंचा प्रश्न विचारला, कारण तो विचारणे भागच होते. ‘याचा उपयोग?’ पुतणी क्षणभर गप्प राहिली. उपयोगाचे नाव काढताच आजकाल मुले कर्करोगावर जातात. ती गेली नाही. तिने एका विकराची गोष्ट सांगितली.

फॉस्फोलिपिडांच्या वाटेवर एक दुफाटा आहे. तेथे फॉस्फॅटिडिक आम्ल उभे असते. त्याचा फॉस्फेट काढून टाकला तर साठवणीची चरबी होण्याची वाट खुली होते, ठेवला तर पापुद्र्याची. हा फॉस्फेट काढणारे कोणी तरी आहे हे १९५७ साली केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. म्हणजे पद मंजूर, काम चालू, पदस्थाचे नाव अज्ञात. १९८९ साली कारमन यांच्याकडे ते विकर यीस्टमधून शुद्ध झाले. इकडे, या गोष्टीशी काही संबंध नसताना, उंदरांची एक जात होती. तिच्यात जन्मतः चरबी साठत नसे आणि यकृत मात्र चरबीने भरून जाई. २००१ साली कॅरेन रू यांच्या गटाने त्या उंदरांतील बिघडलेले जनुक हुडकले आणि त्याच्या प्रथिनाला लिपिन असे नाव दिले. म्हणजे येथे नाव आहे, सेवापुस्तक आहे, पण हा माणूस करतो काय हे कोणास ठाऊक नाही. पाच वर्षे असे चालले. २००६ साली हान, वू आणि कारमन यांनी यीस्टच्या विकराचे जनुक शोधले, आणि वाचून पाहतात तो ते लिपिनचे भावंड! एकोणपन्नास वर्षे एका कपाटात पद आणि दुसऱ्या कपाटात नाव. दोन्ही एकाच माणसाची, हे यीस्टच्या दप्तरात उघडकीस आले.

आणि मग २००८ साली काही लहान मुले पुढे आली. एरवी निरोगी, पण साध्या तापाने त्यांचे स्नायू एकाएकी मोडू लागत, लघवी काळपट होई, आणि काहींचा अंत होई. त्यांच्यात लिपिनचेच जनुक बिघडलेले निघाले. औषध सापडले असे पुतणी म्हणाली नाही. परंतु अशा घरच्या आईबापांना आता डॉक्टर सांगू शकतात की मुलाला उपाशी ठेवू नका, ताप आला तर रात्र काढू नका, त्याच पावली रुग्णालयात न्या. याआधी तेवढेही सांगता येत नव्हते. मूल जाई, आणि कशाने गेले हे कळत नसे. सौभाग्यवतींनी कढईखालचा गॅस बंद केला होता. तो केव्हा केला ते आमच्या लक्षात आले नाही.

‘केनेडींनी हे उंदरांसाठी केले नव्हते, कारमननी मुलांसाठी केले नव्हते,’ ती म्हणाली. ‘त्यांना एवढेच पाहायचे होते, की त्या टेबलावर कोण बसते.’

आम्ही दुसऱ्या दिवशी बंधूंना पत्र लिहिले. त्यात या सर्वांतले फारसे काही लिहिले नाही. चार पानांना उत्तर एक पान. प्रबंध पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षे, तिला परीक्षेचे नाव काढू नये. ज्या महिन्यांत विद्यावृत्ती थकेल त्या महिन्यांचा तिचा खर्च आमच्या पेन्शनमधून जाईल, आणि तो परत करण्याची भाषा कोणी करू नये. लग्नाची स्थळे पाहावयाची असल्यास पाहावीत, पण मुलीला काय काम करतेस असे विचारणारा मुलगा प्रथम पाहावा आणि उत्तर पुरते ऐकून घेणारा असेल तर पुढे बोलावे. तहसीलदार पुष्कळ आहेत आणि चांगलेही आहेत. आमची त्यांच्याविषयी काही तक्रार नाही. बंधूंचे उत्तर आठ दिवसांनी आले. ‘तुमची आज्ञा’ एवढेच त्यात होते, आणि त्या दोन शब्दांत नाराजी पुरेपूर होती. ती अजून गेलेली नाही. भाऊबीजेला त्यांचा फोन दरवर्षी सकाळी येतो, तो यंदा संध्याकाळी आला.

हे काम आपल्या देशात होत नाही असा कोणाचा समज असेल तर तो बरोबर नाही. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राम राजशेखरन यांच्या गटाने २००८ साली यीस्टचे एक जनुक दाखविले. त्याचे विकर पापुद्र्यात रुतलेले नसून मोकळे असते, आणि बाहेर तिखट द्रावक आले की नवी फॉस्फोलिपिडे करून पापुद्रा सावरण्यास मदत करते, असे त्यांनी मांडले. शिवाय मनुष्याचे जनुक यीस्टमध्ये घालून तिचा रिकामा विभाग चालविता येतो, हेही आता नवल राहिलेले नाही. १९८७ साली ली आणि नर्स यांनी पेशीविभाजनाच्या एका जनुकाबाबत ते दुसऱ्या एका यीस्टमध्ये करून दाखविले. सप्रे शाळेवरून जाताना आम्हांला याचे नवल कधीच वाटले नव्हते. माधवराव सप्रे मराठी; त्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि ती तेथे नांदली.

यीस्टचा सगळा डीएनए १९९६ साली वाचून झाला. सुमारे ६,००० जनुके मोजली गेली. त्यांपैकी कित्येक शेकड्यांच्या नावापुढे काम काय, हा रकाना अजून कोरा आहे. पुतणीच्या वाट्याला त्यांतील एक आले आहे. तिच्याजवळ एक पंगू यीस्ट आहे. तिचे लेसिथिन कोठे तरी अडते, आणि ते ज्या टेबलांची नावे आजवर ठाऊक आहेत त्यांपैकी एकावरही अडत नाही. कार्तिकात तिने कड्या घालून कोलीन नसलेल्या थाळ्या मांडल्या. परवा रात्री फोन आला, तेव्हा सौभाग्यवतींनी आधी जेवलीस का ते विचारले आणि मग फोन आमच्याकडे दिला.

‘काका, अकरा ठिपके उठले.’

आम्ही आनंद व्यक्त करणार तोच ती म्हणाली, ‘नऊ खोटे निघाले. कडी काढून घेतली तरी वाढतात. ते आपले आपण दुरुस्त झालेले.’

‘आणि दोन?’

‘दोन थांबले. त्यांच्या कड्या जीवाणूत घातल्या आहेत. सोमवारी काढीन.’